सात वर्षांचे कलम आणि महिन्याचा हप्ता

प्रश्न : चाकण औद्योगिक परिसरात माझा पत्र्याच्या जॉबवर्कचा लहानसा गाळा आहे. कामावर चौदा माणसे आहेत. २०२३ च्या दिवाळीत जवळच्याच वस्तीतले दोन तरुण मंडळाचे पावतीपुस्तक घेऊन आले आणि त्यांनी पाच हजारांची पावती फाडली. पुढच्या महिन्यापासून पावती बंद झाली आणि दरमहा दहा हजारांचा हप्ता सुरू झाला. आता गाळ्यातले भंगारही आम्हालाच द्यायचे आणि भाव आम्हीच ठरवणार, असे ते म्हणतात. मागच्या महिन्यात मी टाळाटाळ केली, तेव्हा त्यांच्यातला एक जण अगदी सहज बोलावे तसे म्हणाला, "शेठ, पोरगा कोणत्या रस्त्याने शाळेत जातो ते आम्हाला ठाऊक आहे." मी त्याच संध्याकाळी पैसे दिले. आमच्या उद्योजक संघटनेने शासनाला द्यायचे एक निवेदन तयार केले आहे. खंडणीला किमान दहा वर्षे आणि कमाल जन्मठेप करावी, अशी त्यात मागणी आहे आणि त्यावर माझी सही हवी आहे. नव्या कायद्यात शिक्षा वाढली असे ऐकतो, पण तिचा माझ्यासारख्याला काय उपयोग ते कळत नाही. तक्रार केली तर ते आठ दिवसांत जामिनावर सुटून पुन्हा दारात उभे राहतील, अशी धास्ती वाटते. पत्नी म्हणते, दहा हजारांनी कोणी भिकेला लागत नाही, गप्प राहा. आजवर पैसे देत आलो म्हणून मीही दोषी ठरतो का?
— एक लघुउद्योजक, चाकण

उत्तर : सप्रेम नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बहुधा त्याच भीतीमुळे आपण इतके दिवस गप्प राहिला आहात. धाक दाखवून आपल्याकडून पैसे काढले गेले, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आपण पीडित आहात, गुन्ह्यातले भागीदार नव्हे. हप्ता दिला म्हणून हप्ता देणाऱ्यावर खंडणीचा गुन्हा दाखल होत नाही. पैसे मागणारा सरकारी नोकर असता तर गोष्ट वेगळी झाली असती. तिथे २०१८ च्या दुरुस्तीनंतर नाइलाजाने लाच देणाऱ्यानेही सात दिवसांत तक्रार करणे अपेक्षित आहे आणि त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जावे लागते. आपल्या प्रकरणात तो प्रश्न उद्भवत नाही.

आता शिक्षा वाढली म्हणजे नेमके काय झाले ते पाहू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३८४ खाली खंडणीला जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद होती. साध्या चोरीलाही तितकीच होती. दीडशेहून अधिक वर्षे हा आकडा बदलला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम ३०८ च्या पोटकलम (२) ने हीच शिक्षा सात वर्षांपर्यंत नेली. मृत्यूचा किंवा जबर दुखापतीचा धाक घालून खंडणी उकळली तर पोटकलम (५) खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ती जुन्या कायद्यातही दहाच होती. तसा धाक घातला पण पैसे मिळाले नाहीत, तर पोटकलम (४) खाली सात वर्षांपर्यंत, आणि तीही पूर्वीइतकीच. मात्र मृत्यू किंवा जबर दुखापतीचा उल्लेख नसलेला, 'धंदा करायचा असेल तर बघा' छापाचा नुसता धाक खंडणीसाठी घातला आणि पैसे हाती आले नाहीत, तर पोटकलम (३) लागते. त्याला शिक्षा फक्त दोन वर्षांपर्यंत आहे आणि तो गुन्हा जामीनपात्र आहे. १८६० मध्येही दोनच होती.

म्हणजे ज्याने हप्ता निमूटपणे दिला त्याच्या बाबतीत कायदा कडक झाला, आणि जो पहिल्याच मागणीला नकार देऊन पोलीस ठाण्यात गेला त्याच्या बाबतीत तो होता तिथेच राहिला. कायदा करणाऱ्यांना असे अभिप्रेत असेल असे मला वाटत नाही, पण परिणाम तसा झाला आहे खरा. आपल्या संघटनेच्या निवेदनात याचा एका ओळीनेही उल्लेख असेल की नाही, याची मला शंका आहे, कारण अशा निवेदनांत बहुधा वरच्या टोकाचे आकडे असतात आणि खालची पायरी कोणी मोजत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना माहीत असते. कलम ३०८ च्या पोटकलम (२) चा खटला कोणत्याही न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आणि पोटकलम (४) व (५) चे खटले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतात. फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ प्रमाणे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देण्याचा अधिकारच नाही. त्याहून मोठी शिक्षा योग्य वाटली तर त्याने प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे असते, आणि तिथेही मर्यादा सात वर्षांचीच आहे. पुस्तकात दहा वर्षे छापलेली असली तरी खटला ज्या खोलीत चालतो तिथल्या खुर्चीचा अधिकार तीनच वर्षांचा असतो. उद्या किमान शिक्षा दहा वर्षे केली आणि ही व्यवस्था तशीच ठेवली, तर निकालाच्या आधी प्रकरण एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात पाठवण्याचाच खटाटोप वाढेल.

मग वाढलेल्या शिक्षेचा आपल्याला काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो आपण शोधत आहात तिथे नाही. गुन्हेगार किती वर्षे आत राहील यापेक्षा, शिक्षेचा आकडा सातवर गेल्यामुळे तक्रारदाराला ज्या सोयी आपोआप मिळाल्या, त्या अधिक मोलाच्या आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली सोय मुदतीची. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्याला तीन वर्षांची कालमर्यादा असते. शिक्षा तीन वर्षांहून अधिक असेल तर अशी मर्यादा नाही. आपण दिवाळी २०२३ मध्ये दिलेली रक्कम जुन्या कायद्याखाली येते, कारण गुन्हा घडला तेव्हा जी शिक्षा होती त्याहून मोठी शिक्षा मागाहून लावता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २० मध्येच आहे. त्यामुळे त्या पहिल्या रकमेपुरते पाहिले तर तीन वर्षे नोव्हेंबर २०२६ मध्ये पुरी होतात. जुलै २०२४ पासूनच्या प्रत्येक हप्त्याला मात्र अशी मुदत नाही, आणि गुन्हे एकत्र चालवता येण्याजोगे असतील तर त्यातल्या मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्याची मुदत धरली जाते. म्हणून पहिल्यापासूनचे सगळे फिर्यादीत लिहा. जुने गेले ते गेले, असे समजून गाळू नका.

दुसरी सोय चौकशीच्या टप्प्याची. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्या नागरिक सुरक्षा संहितेने पोलिसांना गुन्हा नोंदवण्याआधी वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मुभा दिली आहे. सात वर्षांचे कलम त्या मुभेबाहेर आहे. तिसरी सोय साक्षीदार संरक्षणाची, तिच्याकडे पुढे येतो. अटकेच्या बाबतीत मात्र फारसा फरक पडलेला नाही, कारण सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी अटकेची कारणे लिहून ठेवावी लागतात आणि अटक गरजेची नसेल तर नोटीस देऊन बोलवावे लागते. तीनवरून सातवर गेलेले कलम त्याच चौकटीत राहिले. दहा वर्षांचे पोटकलम (५) त्या चौकटीबाहेर आहे.

आता आपल्या पत्रातल्या सर्वात महत्त्वाच्या वाक्याकडे वळतो. "पोरगा कोणत्या रस्त्याने शाळेत जातो ते आम्हाला ठाऊक आहे." या वाक्यात मारण्याचा शब्द नाही, हाडे मोडण्याचा शब्द नाही, आणि म्हणूनच ते इतके विचारपूर्वक उच्चारलेले आहे. पण कायद्यात धाक स्वतःलाच असावा लागतो असे नाही, 'त्या व्यक्तीला किंवा अन्य कोणालाही' असे शब्द आहेत, आणि बोलणाऱ्याचा हेतू न्यायालय प्रसंगावरून ठरवते. हप्ता थांबल्यावर, पैसे मागताना, मुलाच्या शाळेचा रस्ता काढणे याचा दुसरा अर्थ लावणे कठीण आहे. त्याच संध्याकाळी आपण पैसे दिले, हेही त्या धाकाचेच फळ. हे सर्व जसेच्या तसे नोंदले गेले तर पोटकलम (५) लावण्याची मागणी आपल्याला करता येते. ठाणे अंमलदाराने आपली हकीकत ऐकून संगणकावर 'पैशांची मागणी करून शिवीगाळ व दमदाटी केली' एवढेच टंकले, तर तीच घटना दोन वर्षांच्या जामीनपात्र कलमात जाऊन बसते, किंवा त्याहून वाईट म्हणजे दमदाटीची अदखलपात्र (एनसी) नोंद, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस जिचा तपास करू शकत नाहीत अशी नोंद, करून आपल्या हातात तिची चिठ्ठी दिली जाते.

ही चिठ्ठी घेऊन परत येऊ नका. खंडणीचा गुन्हा कोणत्याही पोटकलमाखाली असला तरी दखलपात्रच आहे, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्राथमिकी (एफआयआर) नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात घटनापीठाच्या निकालाने सांगितले आहे. फिर्याद घरीच दोन-तीन पानांत मराठीत लिहून न्या. त्यात कोण, केव्हा, कुठे उभा होता, कोणते शब्द बोलला, आपण काय उत्तर दिले, पैसे कोणत्या नोटांत आणि कोणासमोर दिले, हे असू द्या. त्यांचे शब्द अवतरणचिन्हांत लिहा, सभ्य करू नका. शिवी असेल तर शिवीही लिहा. न्यायालयाला तिचे वावडे नसते. टंकून झालेली फिर्याद सही करण्यापूर्वी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, शाळेच्या रस्त्याचे वाक्य त्यात आहे की नाही ते बघा, नसेल तर घालायला सांगा आणि मगच सही करा. त्या खोलीत घाई करणारी माणसे असतात, बाकावर बसलेले दुसरे लोक असतात, वीज जाते, प्रिंटर अडकतो. आपण मात्र वाचत राहा. प्राथमिकीची प्रत आपल्याला विनामूल्य मिळते.

पैसे दिले किंवा नाही दिले, यावरून कलम कसे बदलते हे आपल्याला पुढच्या महिन्यासाठी माहीत असायला हवे. आयझॅक इसंगा मुसुंबा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की मालमत्ता प्रत्यक्ष दिली गेली नसेल तर खंडणीचा मूळ गुन्हा पूर्ण होत नाही. त्याचा आधार घेऊन पुष्कळ आरोपी 'आम्ही कुठे पैसे घेतले?' असे म्हणत आले आहेत. पण जून २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील बालाजी ट्रेडर्स प्रकरणात, जिथे व्यापाऱ्याला बंदूक दाखवून धंदा चालवायचा असेल तर दरमहा ५ लाख रुपये दे असे सांगितल्याचा आरोप होता, त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की खंडणीसाठी मृत्यूचा किंवा जबर दुखापतीचा धाक घालणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यासाठी पैसे हातात पडण्याची गरज नाही. तेव्हा 'गुन्हा पूर्ण व्हावा' म्हणून पुढचा हप्ता देण्याचे काहीही कारण नाही. सापळा लावायचा की नाही, हे पोलिसांना ठरवू द्या. स्वतःच्या डोक्याने खुणेच्या नोटा तयार करू नका.

चाकण पोलीस ठाणे पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येते आणि आयुक्तालयाचे स्वतंत्र खंडणीविरोधी पथक आहे. स्थानिक ठाण्यात त्या तरुणांची ऊठबस आहे अशी आपल्याला शंका असेल, तर थेट पथकाकडे किंवा पोलीस उपायुक्तांकडे लेखी अर्ज घेऊन जा आणि पोचेचा शिक्का घ्या. कायद्याने फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही पाठवता येते. मात्र तशी पाठवल्यास तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. कोणीच दाद दिली नाही, तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून तपासाचा आदेश मागता येतो. पण माझा अनुभव असा आहे की पोचेचा शिक्का असलेला व्यवस्थित लिहिलेला अर्ज उपायुक्तांच्या टेबलावर गेला की बहुतेक वेळा ती पायरी येत नाही.

पुराव्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथेच चांगली प्रकरणे मातीमोल होतात. गाळ्याच्या फाटकावर कॅमेरा असेल तर आजच त्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारे यंत्र, तपासा; बहुतेक यंत्रांत काही दिवसांनी जुने चित्रण आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे चढते, आणि मागच्या महिन्याची ती संध्याकाळ कदाचित आत्ताच पुसली जात असेल. त्या दिवसाचे चित्रण काढून ठेवा, पण मूळ हार्डडिस्क जपा. फोनवरचे संभाषण आपण स्वतः त्यात बोलणारे असल्यामुळे ध्वनिमुद्रित करून ठेवायला हरकत नाही. मात्र ते व्हॉट्सअॅपवर चार मित्रांना पाठवून मूळ फाइल पुसून टाकली, किंवा नवा फोन घेताना जुना बदलीत देऊन टाकला, की काम बिघडले. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट सांगितले की मूळ उपकरण न्यायालयात सादर होत नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर विहित प्रमाणपत्र अनिवार्य आहे. हीच अट आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आली आहे. आवाज आमचा नाही असे आरोपी म्हणाला, तर न्यायदंडाधिकारी त्याला आवाजाचा नमुना देण्याचा आदेश देऊ शकतो.

ध्वनिमुद्रण करताना आणखी एक पथ्य पाळा. 'दादा, या महिन्यात तंगी आहे, पुढच्या वेळी नक्की देतो' असे आपण बोललात, तर बचाव पक्षाचा वकील तेच वाक्य घेऊन दोघांत देण्याघेण्याचा आपसातला व्यवहार होता असे दाखवील. आपण कमी बोला. 'कसले पैसे?' आणि 'नाही दिले तर काय होईल?' एवढेच विचारा. उत्तर तो देईल.

पावतीपुस्तकाची ती पहिली पावती जपून ठेवली आहे ना? मंडळाची वर्गणी स्वेच्छेने दिली, अशी बाजू ते मांडणारच. सार्वजनिक ठिकाणी धर्मादाय किंवा धार्मिक कारणासाठी पैसे गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. त्या मंडळाकडे त्या वर्षाची परवानगी होती का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते, आणि दिवाळीनंतर दर महिन्याला कसली वर्गणी घेतली जाते याचे उत्तर मंडळालाच द्यावे लागेल.

भंगाराबद्दल आपण एका वाक्यात लिहिले आहे, पण औद्योगिक पट्ट्यात मोठा पैसा तिथेच असतो. खंडणी म्हणजे रोख रक्कमच असली पाहिजे असे नाही. धाक दाखवून कोणतीही मालमत्ता काढून घेणे त्यात येते. बाजारभावापेक्षा कितीतरी कमी दराने धाकाखाली उचललेले पत्र्याचे तुकडे हीही मालमत्ताच. वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, आधीच्या भंगारवाल्याची बिले आणि त्या महिन्यांतला दर एकत्र ठेवलात तर किती रुपयांचा फरक होता हे कागदावर दिसते. मजूर आमचेच घ्या, माल उतरवायला आमचीच माणसे लावा आणि नाही लावली तरी वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली) द्या, ही याच झाडाची दुसरी फांदी. एक सावधगिरी मात्र हवी. माथाडी कायदा १९६९ चा आहे, हमालांना त्याने खरे हक्क दिले आहेत आणि नोंदणी असलेला माथाडी आपली मजुरी मागतो तेव्हा तो खंडणी मागत नसतो. ज्याने पोते उचललेच नाही आणि तरी पैसे मागितले, त्याची गोष्ट वेगळी.

आता जामिनाच्या भीतीकडे वळू. ते सुटतील, हे शक्य आहे. खोटा दिलासा देणार नाही. पण जामीन अटींवर मिळतो. परिसरात येऊ नये, फिर्यादीशी कोणत्याही मार्गाने संपर्क करू नये, अशा अटी घालाव्यात म्हणून आपल्या वकिलाने सरकारी वकिलांमार्फत जामिनाच्या सुनावणीतच लेखी म्हणणे द्यावे, आणि अट मोडली की त्याच दिवशी जामीन रद्द करण्याचा अर्ज करावा. साक्षीदार संरक्षणाची जी गोष्ट मी पुढे ठेवली होती ती अशी : सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंदर चावला प्रकरणात मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत सात वर्षांपर्यंत व त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे येतात. खंडणीची शिक्षा तीन वर्षांची होती तोवर साधी खंडणी त्या व्याख्येत बसत नव्हती, आता बसते. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करायचा असतो, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो आणि त्यानुसार घरापाशी गस्त, न्यायालयात जाताना सोबत, अशा उपाययोजना होतात. फिर्यादीच्या वेळीच हा अर्ज करा. मुलाच्या शाळेच्या प्रवासाचा त्यात स्पष्ट उल्लेख असू द्या.

आणि आपले नाव पुढे येऊच नये असे वाटत असेल तर? त्यालाही एक जुनी वाट आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली तडीपारीची कारवाई होते, आणि साक्षीदार जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीने उघडपणे पुढे यायला तयार नाहीत, हाच त्या कारवाईचा एक आधार असतो. म्हणून तिथे गोपनीय जबाब घेतले जातात. तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. ती शिक्षा नव्हे आणि तडीपार माणूस रात्री गुपचूप परत येतो हेही सर्वांना ठाऊक आहे. तरीही आपल्यासारखे पाच-सहा गाळेवाले गोपनीय जबाब द्यायला तयार झाले, तर फिर्यादीच्या जोडीला तिचा उपयोग होतो. त्या दोघांचे गिऱ्हाईक आपण एकटेच असाल, असे मला वाटत नाही.

मकोका, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, लावा, असे आपल्याला कोणी ना कोणी सुचवीलच. नव्वदच्या दशकात मुंबईत बांधकाम व्यावसायिक आणि चित्रपटसृष्टीतील लोक यांच्याकडे टोळ्या खंडणी मागत आणि न देणाऱ्यांवर गोळ्या झाडत, त्या पार्श्वभूमीवर १९९९ मध्ये हा कायदा आला. त्यात किमान पाच वर्षे ते जन्मठेप आणि किमान ५ लाख रुपये दंड आहे. न्याय संहितेच्या कलम १११ मध्येही संघटित गुन्हेगारीला जवळपास तीच शिक्षा आता देशभर लागू आहे. म्हणजे संघटना मागते आहे ती जन्मठेप टोळीसाठी कायद्यात आधीच आहे. फक्त त्यासाठी मागच्या दहा वर्षांत त्या टोळीवर एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल झालेली असावी लागतात, आणि दोषारोपपत्र तेव्हाच होते जेव्हा कोणीतरी आधी फिर्याद दिलेली असते. बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी ती निगडित असल्याचा तपास यंत्रणेचा आरोप असून त्या प्रकरणात मकोका लावला गेला. खटल्याचा निर्णय न्यायालय करील. हत्या झाली तेव्हा मकोकाही होता आणि नवी न्याय संहिताही लागू झालेली होती, एवढे आपल्या संघटनेने निवेदन देण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

हिशेबाची बाजू थोडक्यात. आजवरचे हप्ते वहीत 'किरकोळ खर्च' म्हणून दाखवले असतील तर सनदी लेखापालाला खरे सांगा. १९९८ मध्ये आयकर कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर गुन्हा ठरणाऱ्या कारणासाठी केलेला खर्च व्यवसायातील खर्च म्हणून वजा मागता येत नाही, आणि त्या दुरुस्तीच्या विधेयकासोबतच्या टिपणात हप्त्याचा उल्लेख त्याच शब्दाने आहे. खर्चाची वजावट सोडून द्या, पण रकमेची आणि तारखेची नोंद पुसू नका. ती आपला पुरावा आहे.

पत्नीच्या म्हणण्याला मी उडवून लावणार नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यामागे भित्रेपणा नसतो, मुलांची काळजी असते. पण त्यांना एवढे दाखवून द्या की दहा हजारांचा हप्ता दहा हजारांवर थांबलेला नाही. पावतीवरून हप्त्यावर, हप्त्यावरून भंगारावर आणि भंगारावरून मुलाच्या रस्त्यावर तो आपण गप्प असतानाच आला. फिर्यादीच्या आदल्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून, मुलाला घरच्या दोन ठरलेल्या माणसांखेरीज कोणाच्याही ताब्यात देऊ नये, असे लेखी देऊन या.

राहिले निवेदन. आहे त्या रूपात त्यावर सही करू नये असे माझे मत आहे. किमान दहा वर्षांची सक्ती आली की भाडेकरू आणि घरमालक, कामगार आणि ठेकेदार, दोन भागीदार यांच्या भांडणांतही हे कलम धाक म्हणून वापरले जाईल. थकलेला पगार मागणाऱ्या कामगारावर खंडणीची फिर्याद झाल्याची प्रकरणे आजही न्यायालयांत येतात. शिवाय ज्या प्रकरणात पाच वर्षे योग्य वाटतात तिथे दहाच द्यावी लागणार असतील, तर निर्दोष सोडण्याकडे कल वाढतो. त्याऐवजी संघटनेला मसुदा बदलायला सांगा. पैसे हाती न आलेल्या मागणीचे दोन वर्षांचे जामीनपात्र पोटकलम (३) कडक करा, ही मागणी आधी ठेवा, कारण पहिल्याच दिवशी नकार देणाऱ्याला तेच कलम मिळते. धाकाच्या खंडणीचे खटले सत्र न्यायालयाकडे द्या, म्हणजे पुस्तकातली दहा वर्षे देऊ शकणारा न्यायाधीश समोर असेल. औद्योगिक वसाहतींतील खंडणीच्या फिर्यादींवर किती दिवसांत प्राथमिकी झाली आणि किती खटले निकाली निघाले, याचा आढावा दर तिमाहीला संघटनेसमोर ठेवावा, अशी मागणी पोलीस आयुक्तांकडे करा. तिला कायद्याच्या दुरुस्तीचीही गरज नाही.

फिर्याद दिल्यावर तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत आपल्याला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवले नाही तर लेखी विचारा. मधल्या काळात कोणी पुढारी 'मिटवून टाका' असा निरोप घेऊन आला, तर त्याला सांगा की खंडणीचा गुन्हा आपसात मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, त्यामुळे तो मागे घेणे आता आपल्या हातात राहिलेले नाही. हे खरेच आहे, आणि असे सांगितल्यावर पुढारी बहुधा चहाही न घेता उठतो.